ओढ्यातली जलपर्णी आणि काठावरची बेशरम: तीन वर्षं काढतोय, परत येतेय. काय चुकतंय?

ओढ्याकाठी | ९ मार्च, सकाळी ७:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण आता खरंच सल्ला हवाय.

आमचं गाव खेड तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला जुना पाझर तलाव आहे. तिथून ओढा निघतो आणि साधारण तीन किलोमीटर वाहून इंद्रायणीला मिळतो. या ओढ्याच्या डोहात मी पोहायला शिकलो. पोटाला पांगाऱ्याचा ओंडका बांधून वडिलांनी ढकलून दिलं होतं. आज त्या डोहात पाणी दिसत नाही. मागच्या महिन्यात एक कुत्रं हिरवळ समजून त्यात उतरलं आणि गळ्यापर्यंत गेलं. पोरांनी दोर टाकून बाहेर काढलं. आत मधोमध जलपर्णी आणि दोन्ही काठांना पुरुषभर उंचीची बेशरमची झुडपं, अशी अवस्था आहे.

तीन वर्षं आम्ही श्रमदान करतो. एप्रिलचे शेवटचे दोन रविवार, चाळीस-पन्नास माणसं, कोयते, विळे, दाताळी. गेल्या वर्षी अठरा ट्रॉल्या भरतील एवढं काढलं. दिवाळीपर्यंत जसंच्या तसं. मधल्या वर्षी पंचायतीने जेसीबी लावून बघितला. ठेकेदाराने सगळं काढून काठावरच ढीग मारला, पहिल्या वळवात निम्मं परत पाण्यात. यंदा लोक म्हणतायत, कशाला उन्हात मरायचं. माझ्याकडे उत्तर नाही. फोटो खाली जोडले आहेत.

वाकडीवाट | ९ मार्च, सकाळी ८:०२

फोटो बघून कसंतरी झालं. तिसऱ्या फोटोत पुलाखाली पाणी आहे हे सांगितलं नसतं तर कळलं नसतं. तज्ज्ञ मंडळींच्या प्रतीक्षेत.

झाडपाला | ९ मार्च, रात्री ९:४०

दादा, तीन वर्षं चाळीस माणसं उन्हात उतरवणं ही साधी गोष्ट नाही, आधी त्याबद्दल मनापासून नमस्कार. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. सल्ला देण्याआधी चार गोष्टी विचारते.

श्रमदानाच्या वेळी जलपर्णीला फुलं असतात की येऊन गेलेली असतात? काढलेली जलपर्णी नेमकी कुठे टाकता? बेशरम मुळासकट काढता की कापता? आणि पुलाच्या वर, तलावापर्यंत, ओढा तुम्ही स्वतः चालून बघितला आहे का?

ओढ्याकाठी | १० मार्च, सकाळी ६:५०

ताई, खरं सांगतो. फुलं बरीचशी येऊन गेलेली असतात. ढीग काठावर, पाण्यापासून दहा-पंधरा फुटांवर. बेशरम कमरेएवढ्या उंचीवर कोयत्याने तोडतो आणि तिथेच बाजूला टाकतो. पुलाच्या वर पाचशे फुटांपुढे आम्ही गेलेलो नाही, वेड्या बाभळीची जाळी आहे. तिकडून तलावातूनच सगळं येतं असं गावात सगळे धरून चालतात.

झाडपाला | १० मार्च, रात्री १०:२५

चारही उत्तरांत काहीतरी सापडतंय. आज फक्त जलपर्णीबद्दल लिहिते.

उद्या एक रोप हाताने उचलून बघा. देठाला भज्याच्या आकाराचा फुगा असतो, दाबला की स्पंजासारखा दबतो, त्यावर ती तरंगते. (दाटीत वाढली की फुगे बारीक होतात आणि देठ लांब होतात, म्हणून डोहाच्या मधली जलपर्णी काठापेक्षा उंच दिसते.) खाली काळपट जांभळी, पिसासारखी मुळं. पाण्यात हलवलीत तर त्यातून बारीक गोगलगायी आणि झिंगे पडतील. आणि बाजूला बोटाएवढा जाड धावता फुटवा दिसेल, त्याच्या टोकाला दुसरं रोप. आईला नाळेने जोडलेलं बाळ असावं तसं. बाळ मोठं झालं की नाळ तुटते आणि ते वाहत निघतं.

सांडपाण्याचं खत आणि आपल्याकडचं ऊन मिळालं की साधारण दोन आठवड्यांत रोपांची संख्या दुप्पट होते. म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला पुलाखाली दहा रोपं राहिली असतील, तर मार्चअखेर सहाशेच्या वर. अठरा ट्रॉल्या काढल्यात हे खरंच, पण एका खाचेत राहिलेली पाटीभर रोपं दिवाळीचं काम करून जातात.

आता बिया. फूल कोमेजलं की दांडा वाकतो आणि टोक पाण्याखाली नेतो, बिया थेट गाळात पडतात. गाळात त्या पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, काठचा गाळ उघडा पडला, उजेड लागला की रुजतात. तुम्ही एप्रिलअखेर येता तेव्हा यंदाचं बी गाळात पोचलेलं असतं. श्रमदान डिसेंबर-जानेवारीत घ्या. पाणी थंड असतं, वाढ मंद असते, रोपं कमी असतात.

बेशरमबद्दल झाडीपट्टीकडची मंडळी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

बरगे_शिरोळ | ११ मार्च, दुपारी १:१०

आमच्याकडं याला जलपर्णी कोण म्हणत नाही, केंदाळ म्हणतात. पंचगंगेच्या काठाला माझं घर. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी तटतं, आणि तटलेल्या पाण्यात केंदाळ धरतं. वरच्या गावात सांडपाणी नदीत, कारखान्याचं पाणी नदीत, मग काय विचारता, पोसून येतं. पाणी सोडायची पाळी आली की वरचा बंधारा उघडतात आणि अख्खा तराफा खालच्या बंधाऱ्याला येऊन बसतो. बरग्यांत अडकतो, पाणी काळं पडतं, मासं वर येऊन तोंड उघडतात. म्हातारी माणसं म्हणायची, नदीला वास सुटला की दोन दिवसांत मासं मरणार. आता वास सुटायची वाट बघावी लागत नाही.

सांगायचं एवढंच, की ओढ्यात कुठंतरी पाणी थांबत असणार. वाहत्या खळखळत्या पाण्यात हे टिकत नाही. तुमच्या पुलाखाली नळे टाकलेत का? नळे निम्मे बुजलेले असतात आणि वरच्या बाजूला डबकं होतं. ते बघा आधी.

ओढ्याकाठी | ११ मार्च, दुपारी ३:३०

नळेच आहेत. चारपैकी दोन पूर्ण बुजलेत. हे कधी डोक्यातच आलं नाही.

शेतीशाळा | १२ मार्च, सकाळी ९:००

एवढी माणसं लावण्यापेक्षा तणनाशक का मारत नाही? दोन फवारण्यांत जळून जाईल. आमच्या बांधावर मारतो, छान रिझल्ट आहे.

झाडपाला | १२ मार्च, सकाळी ११:४५

दादा, बांधावरचं गवत आणि पाण्यातली जलपर्णी यांत फरक आहे. मेलेली जलपर्णी जागेवरच बुडते आणि कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि उरलेसुरले मासेही जातात. कुजून सुटलेलं खत पुढच्या रोपांना आयतं मिळतं. शिवाय ओढ्याच्या काठाला विहिरी आहेत, गुरं तिथेच पाणी पितात. ओढ्यात फवारणी नको, कृपा करून.

शेतीशाळा | १२ मार्च, दुपारी १२:२०

विहिरींचं लक्षात आलं नव्हतं. पटलं ताई.

जिज्ञासू | १२ मार्च, रात्री ८:१५

एक शंका. जलपर्णी पाणी शुद्ध करते असं वाचलं होतं. मग ती काढल्यावर सांडपाणी आणखी घाण होणार नाही का?

झाडपाला | १२ मार्च, रात्री ९:३०

शंका रास्त आहे. नत्र, स्फुरद, शिसं, कॅडमियमसारखे जड धातू ती पाण्यातून शोषते, हे खरं. पण शोषलेलं तिच्या अंगात राहतं. वेळेवर काढून पाण्यापासून लांब नेली तरच ते पाण्याबाहेर गेलं. जागेवर कुजली की सगळं परत पाण्यात. बाहेरून आलेल्या सांडपाण्याचं ती नुसतं कर्ज घेते आणि उन्हाळ्यात फेडून टाकते.

बागवेडी_ठाणे | १३ मार्च, सकाळी १०:१०

काढलेल्या जलपर्णीचं खत करता येतं. मी आमच्या सोसायटीच्या तळ्यातली करते. आधी कडक उन्हात वाळवावी लागते, कारण शंभर किलोत पंचाण्णव किलो पाणीच असतं. वाळल्यावर शेणकाला आणि पालापाचोळा मिसळून थर लावायचे. पण कारखान्यांचं पाणी येणाऱ्या नदीतली असेल तर ते खत भाजीपाल्याला घालू नका, वर ताईंनी सांगितलेलेच धातू त्यात येतात. मी फुलझाडांनाच घालते.

झाडीपट्टी | १४ मार्च, रात्री ९:०५

मी गोंदियाकडचा. बेशरमशी आमची ओळख जुनी आहे.

मूळची ती अमेरिका खंडातली. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी हौसेने कुंपणाला लावली. ओल्या मातीत नुसती काडी खोचली की जगते, पुरात आठ-आठ दिवस बुडली तरी मरत नाही, दुष्काळात वाळल्यासारखी दिसते आणि पहिल्या पावसात फुटते. नाव उगाच पडलेलं नाही. चारा नसला की शेळ्या नाइलाजाने खातात, मग त्यांची मान लटपटते, पाय ओढतात आणि हळूहळू खंगून जातात. शेळी म्हणजे गरिबाची बँक. ती अशी डोळ्यांदेखत जाताना बघवत नाही.

आमच्याकडे जमीनदारांच्या काळातले माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक मामा तलाव म्हणतात, आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी. बेशरम काठावरून आत आत सरकत गेली आणि तलाव उथळ झाले. तलावातलं देवधान, म्हणजे रानभात, गेलं, पाण्याखालच्या देशी वनस्पती गेल्या, आणि त्यांच्यात अंडी घालणारे मासे गेले. ढीवर समाजाचं पोटच त्यावर. मग गोंदिया-भंडाऱ्यात ढीवर बायकांच्या गटांनी तलाव हाती घेतले. उन्हाळ्यात तलावाचा काठ कोरडा पडला की बेशरम मुळासकट खणायची, जमीन नांगरायची आणि पाऊस पडला की दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावायच्या. रिकामी जागा ठेवायची नाही, हे त्या बायका पक्कं सांगतात. रिकामी ठेवली की पुन्हा बेशरमच येते.

ओढ्याकाठीभाऊ, तुम्ही कमरेवर तोडता आणि तोडलेलं तिथेच टाकता म्हणजे कलमं लावता. प्रत्येक कांडीला मुळं फुटतात. तोडूच नका. मे महिन्यात कुदळीने गड्डा खणून काढा आणि मुळं वर करून खडकावर किंवा मुरमावर वाळत घाला. ओल्या मातीला तुकडा लागता कामा नये.

ओढ्याकाठी | १४ मार्च, रात्री ९:५०

वाचून सुन्न झालो. तीन वर्षं आम्ही ओढ्याच्या दोन्ही काठांना बेशरमची लागवड करत होतो. आता कळतंय, दर वर्षी ती रुंद का होते ते.

लीड्सकर | १५ मार्च, पहाटे ४:३०

नमस्कार, इंग्लंडमधून लिहितेय. इथे यॉर्कशायरच्या नद्यांना एका झाडाने असंच पछाडलंय, आणि ते झाड आपल्याकडचं आहे. हिमालयातला तेरडा. १८३९ साली बागेत लावायला म्हणून आणला, बागेतून ओढ्यांत उतरला. माणसापेक्षा उंच वाढतो. एका झाडाला आठशेपर्यंत बिया, शेंग तडकली की सात मीटरपर्यंत उडतात आणि पाण्यात पडलेल्या खाली वाहत जातात. थंडीत झाड मरतं, काठ उघडे पडतात आणि पुरात माती वाहून जाते.

दर जूनमध्ये आम्ही तो उपटायला जातो. पहिल्या वर्षी माझा हात चालेना. लहानपणी गौरी आणायला आजीबरोबर ओढ्यावर जायचे, तेरड्याची रोपं मुळासकट घरी आणायचो, पावलं उमटवत. तसंच पान, तशीच शेंग, बोटात धरली की तशीच तडकते. बाजूच्या काकूंनी विचारलं, बरं नाही का. त्यांना काय सांगणार.

धाग्याच्या दृष्टीने कामाचं सांगते. इथे कडक नियम आहे: कायम उगमाकडून सुरुवात करायची. खालून कितीही साफ केलं तरी वरून बी येतच राहतं. म्हणून आधी एक दिवस नुसतं चालायचं, हातात वही, कुठे झाड आहे आणि कुठे नाही याची नोंद करत. जिथून वर एकही झाड सापडत नाही ती जागा म्हणजे मुळाची जागा. तेरड्याचं बी दोन-तीन वर्षांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे ओळीने तीन वर्षं केलं की ओढा खरंच मोकळा होतो. आमचा एक झाला. तुमच्या जलपर्णीचं बी वीस वर्षांचं, ते अवघड आहे, पण वरून येणारा पुरवठा तरी तोडता येईल.

ओढ्याकाठी | १५ मार्च, सकाळी ७:००

ताई, येत्या रविवारी चालतो. वही घेऊन.

वाकडीवाट | १५ मार्च, सकाळी ७:४०

वाट बघतोय. वाचनखूण साठवली.

ओढ्याकाठी | २४ मार्च, रात्री ८:३०

चालून आलो. नीट लिहितो, कारण यात आमचाच एक गैरसमज मोडला.

आम्ही सहा जण, सकाळी साडेसहाला पुलापासून निघालो. दर शंभर पावलांवर थांबून वहीत लिहायचं: ज म्हणजे जलपर्णी, ब म्हणजे बेशरम, दे म्हणजे देशी. बाभळीची जाळी कोयत्याने तोडत पहिला अर्धा किलोमीटर जायलाच दीड तास लागला. तिथपर्यंत सगळीकडे ज आणि ब. पुढे ओढा खडकातून येतो, पाणी वाहतं, तिथे जलपर्णी फक्त कपारींत, पाच-दहा रोपं. एका ठिकाणी दोन जुने वाळुंज आणि करंज अजून उभे आहेत, त्यांच्या सावलीत बेशरमही नाही. खंड्याची बिळं दिसली दरडीत.

साधारण दीड किलोमीटरवर डावीकडून एक लहान नाला येऊन मिळतो. त्या संगमाच्या वर वहीत एकही ज नाही. आम्ही थेट तलावापर्यंत गेलो. पाझर तलावात जलपर्णीचं एक रोप नाही! तीन वर्षं सगळं गाव तलावाला नावं ठेवत होतं.

परत येऊन नाल्याने वर गेलो. चारशे पावलांवर बंद पडलेली दगडखाण. अर्ध्या एकराचा खड्डा, काठोकाठ जलपर्णी, बहुतेक सगळी फुलांवर. जवळच्या घरांचं सांडपाणी उघड्या चरातून थेट त्यात येतं. पावसाळ्यात खाण भरली की एका बाजूने नाल्यात ओसंडते. इथूनच येते सगळी.

खाणीला लागून एका आजींचं घर आहे. त्यांनी बसवून चहा दिला. आम्ही काय शोधतोय ते सांगितल्यावर थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनीच आठवडे बाजारातून दोन रोपं आणली होती, हौदात लावायला, निळीजांभळी फुलं आवडली म्हणून. हौद भरून गेला तेव्हा पाटीत भरून खाणीत टाकली. "माझ्यामुळं झालं का रं पोरा हे समदं?" आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

झाडपाला | २४ मार्च, रात्री १०:१०

दादा, आजींना माझा निरोप सांगा. १८९६ च्या सुमाराला ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतून बंगालमध्ये आली, ती मोठमोठ्या जाणकार लोकांनी याच फुलासाठी आणली. वरच्या पाकळीवर निळ्या कडेत पिवळा ठिपका असतो, मोरपिसातल्या डोळ्यासारखा. त्याला भुललेल्यांत आजी पहिल्या नाहीत. चाळीस वर्षांत बंगालचे जलमार्ग आणि भाताची खाचरं इतकी भरली की १९३६ साली जलपर्णीसाठी वेगळा कायदा करावा लागला, ज्याच्या जागेत असेल त्याने काढायची असा. तेव्हा ज्यांना सगळं माहीत होतं त्यांनीही हेच केलं. आजींना तर कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि तुमची वही जपून ठेवा. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेलच, २००२ च्या कायद्याने ती करावीच लागते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत हे सगळं जायला हवं. वाळुंज आणि करंज कुठे उभे आहेत तेही.

बरगे_शिरोळ | २५ मार्च, सकाळी ८:००

दीड किलोमीटर चालल्यानं तीन वर्षांचं कोडं सुटलं बघा. आमच्या नदीला असं चालायचं म्हटलं तर किती गावं, किती नाले. तरी वाचून उमेद आली. आमच्या गावाच्या वरचा एक नाला तरी चालून बघतो.

जिज्ञासू | २५ मार्च, सकाळी ९:२०

जलपर्णी खाणारे किडे असतात ना? खाणीत सोडता येतील का?

झाडपाला | २५ मार्च, सकाळी ११:००

असतात. चार-पाच मिलिमीटरचे भुंगेरे, तिच्याच मूळ देशातले. भरपूर तपासण्या करून १९८२-८३ मध्ये बंगळुरात आणले आणि तिथल्या काही तळ्यांत त्यांनी दोन-तीन वर्षांत चांगलं काम केलं. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ पासून सोडले, तिथेही खूप उपयोग झाला. भुंगेरा पानावर चौकोनी ओरखडे काढतो आणि त्याची अळी देठ पोखरते.

पण त्यांना वेळ आणि स्थिर पाणी लागतं. आपल्या नद्यांत दर जुलैत पूर सगळं धुऊन नेतो, भुंगेऱ्यांची वस्ती वाढायला सवड मिळत नाही. आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी ते खातात त्यापेक्षा वेगाने वाढते. शिवाय परदेशी किडा कुणी आपल्या मनाने आणून सोडायचा नसतो. अर्ध्या एकराची खाण माणसांनी होईल. खाण रिकामी केल्यावर राहिलेली चार रोपं शोधत बसणारं कुणीतरी हवं, तिथे किड्यांपेक्षा माणूस बरा.

झाडीपट्टी | २५ मार्च, रात्री ८:४०

जेसीबी मात्र पुन्हा आणू नका. मशीनला बेशरम आणि लव्हाळा यांतला फरक कळत नाही. पाणकणीस, लव्हाळा, काठाची निरगुडी सगळं खरडून नेतं, आणि उघड्या मातीवर पुढच्या पावसात गाजरगवत आणि बेशरमच उगवते.

ओढ्याकाठी | ३ जून, सकाळी ६:३०

धागा वर काढतोय. काय काय झालं ते सांगतो.

एप्रिलमध्ये खाणच घेतली, ओढ्याला हात लावला नाही. गावात यावरून बरीच बोलाचाली झाली, कारण पूल लोकांच्या डोळ्यांसमोर आहे आणि खाण कुणाला दिसत नाही. खाणीच्या दोन्ही काठांवरून जाड दोर पाण्यावर आडवा धरला आणि तो ओढत आणत जलपर्णी एका कोपऱ्यात गोळा केली. तिथे बांबूच्या आकड्यांनी बाहेर. पाच रविवार लागले. ओली जलपर्णी इतकी जड असते की दोन माणसांना एक पाटी उचलवत नाही, म्हणून आधी दोन दिवस काठच्या खडकावर पाणी निथळू दिलं आणि मग ट्रॉलीने पडीक माळावर नेऊन वाळवली. फुलांचे दांडे वेगळे काढून जाळले. कोपऱ्यात नको म्हणत असताना एक तरुण गाळात उतरला आणि मांडीपर्यंत रुतला, तेव्हापासून पाण्यात कुणी उतरायचं नाही असा नियम केलाय. ज्यांना करायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा, खाणीचा तळ कुणाला माहीत नसतो.

मे महिन्यात नळे मोकळे केले आणि पुलाच्या वर दोनशे फूट बेशरम खणून काढली. फक्त दोनशे. त्या जागेत वाळुंजाच्या फांद्या आणि करंजाची रोपं लावायला आणून ठेवली आहेत, पाऊस पडला की लावतो. झाडीपट्टीभाऊ, तुमच्या बायकांचं वाक्य मी ग्रामसभेत वाचून दाखवलं.

सांडपाण्याचं काम मात्र अडलंय. चर बंद करून शोषखड्डे घ्यायचा ठराव झाला, पण घरमालकांपैकी निम्मे अजून तयार नाहीत.

लीड्सकर | ३ जून, दुपारी १२:१०

वाचता वाचता डोळे भरले. इथे आमचा तेरड्याचा हंगाम याच आठवड्यात सुरू होतोय. पुलापेक्षा खाण आधी घेतलीत हे सगळ्यात अवघड होतं, आणि तेच केलंत.

झाडपाला | ३ जून, रात्री ९:००

वाळुंजाच्या फांद्या अंगठ्याएवढ्या जाड घ्या आणि हातभर खोल रोवा, पाण्याच्या रेषेपासून थोड्या वर. करंज त्याच्या मागे. दोन वर्षं गुरांपासून जपावं लागेल. खाणीत उघड्या गाळावर ऑक्टोबरपासून नखाएवढी रोपं दिसायला लागतील, त्यांना भिऊ नका. ती जुन्या बियांची. फुलावर येण्याआधी उचलायची, एवढंच.

ओढ्याकाठी | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

कालच परत वही घेऊन चाललो. पुलाखाली जलपर्णीची तीन रोपं. मागच्या वर्षी याच दिवसांत पुलाखाली पाणी दिसत नव्हतं. नाल्यात अकरा रोपं, सगळी खडकाच्या खाचांत. डोहात आकाश दिसतंय, आणि दोन पाणकावळे बसले होते. बेशरम दोनशे फुटांत नाही, त्यापुढे आहे तशीच आहे. लावलेल्या वाळुंजाच्या साठ फांद्यांपैकी बावीस फुटल्या, बाकीच्या पुरात गेल्या. पुन्हा लावायच्या आहेत.

खाणीतल्या गाळावर ताईंनी सांगितल्याप्रमाणे बारीक रोपं आली. ती मोजायचं आणि काढायचं काम आजींनी स्वतःहून मागून घेतलंय. त्यांना एक हलकी आकडी करून दिली आहे. काठावरूनच ओढायची, पाण्याकडे जायचं नाही, असं त्यांच्या नातवाकडून कबूल करून घेतलंय. रोज सकाळी दूध घालून झालं की त्या खाणीला एक चक्कर मारतात. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस रोपं निघाली. आज पहाटे त्यांचा फोन आला होता: "दोनच व्हती आज. खडकावर टाकल्यात वाळत, मुळं वर करून."